पडलेल्या घराची खबर: चुडावा ते गंगाखेड

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवचा फोन आला. महादेव म्हणजे शिवलिंगअप्पांचा मुलगा. अप्पा माझ्या बाबांचे पलटणीतले जोडीदार. परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यातल्या चुडाव्याला त्यांचं घर आणि घरालाच लागून महादेवचं किराणा दुकान. बाबा गेल्यापासून आमचं बोलणं दिवाळीपुरतंच उरलं होतं, म्हणून पहिल्याच घंटेला फोन उचलला.

"ताई, एक काम होतं. तुमी येऊन अप्पाला एवढं सांगा, की ते घर जागेवर हाय."

"कुठलं घर?"

"ढाक्याचं ओ. साहेबांचं."

नवीन वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. एकाहत्तरच्या लढाईत बाबा आणि अप्पा एका तुकडीत होते. त्या लढाईतून बांगलादेश झाला. त्या देशाच्या जनकाला अप्पा नुसतं 'साहेब' म्हणतात. साहेबांची काळ्या चष्म्यातली, हातात पाईप धरलेली तसबीर अप्पांच्या बैठकीत मी लहानपणापासून पाहिलेली. पुढे चारच वर्षांत साहेबांना त्यांच्याच लष्करातल्या लोकांनी राहत्या घरात, जिन्यावर, गोळ्या घातल्या. बायकोमुलांनाही सोडलं नाही. नंतर त्या घराचं संग्रहालय झालं. आठ वर्षांपूर्वी मी ते बघून आले आणि त्या सफरीवर याच ब्लॉगवर चार भाग लिहिले.

आता ते घर राहिलेलं नाही. त्या वेळी परदेशात असल्यामुळे वाचलेल्या साहेबांच्या मुलीने पुढे पुष्कळ वर्षं राज्य केलं, विरोधकांना तुरुंगात घातलं, शेवटी रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या. लोक भडकले, तिला देश सोडावा लागला, आणि त्या रागात लोकांनी बापाचे पुतळे हातोड्यांनी फोडले. घर आधी जाळलं, मग काही महिन्यांनी यंत्रं लावून पाडलं. पाडतानाचा व्हिडिओ कुणीतरी दुकानात अप्पांना दाखवला.

"आमी सांगितलं, खोटं हाय ते, मोबाईलवर आजकाल कायपण बनवतात," महादेव म्हणाला. "त्यांना पटंना. जेवायला बसतेत, दोन घास खातेत अन् उठतेत. म्हणतेत, जी पोरगी तिथं जाऊन आली तिला इचारा. तुमी आलाव तर तसल्ली होईल त्यांची."

मी हो म्हणाले. महादेवला वाटलं, केवढी मायेची माणसं. खरं कारण वेगळं होतं, ते मला त्या क्षणी कबूल करायचं नव्हतं.

मिरजेहून लातूर, परळीमार्गे पूर्णेकडे जाणारी गाडी मिळाली. कुणाला या भागात यायचं असेल तर जेवण घरूनच आणा, परळीनंतर आमच्या डब्यात चहाखेरीज काही आलं नाही. सकाळी गंगाखेड गेलं. गोदावरीच्या पात्रात पाण्याचे पट्टे कमी आणि वाळूच जास्त दिसत होती. पुलापलीकडे ऊस तोडलेली रानं आणि जाळलेल्या पाचटाचे काळे चौकोन. समोरच्या बाकावर सेलूचे एक कापसाचे व्यापारी बसले होते.

"परभणीला उतरणार का?" त्यांनी विचारलं.

"नाही, चुडाव्याला जायचंय."

"चुडाव्याला? तिथं काय हाय बघायला?"

"ओळखीचे आहेत."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. "नुसतं बघायला जायलाव म्हणलं असतं तर मी तुमाला वापस पाठवलं असतं."

पूर्णेला महादेव मोटारसायकल घेऊन उभा होता. वाटेत त्याने मला सगळं पढवून ठेवलं. घर बघितलं का विचारलं तर हो म्हणायचं. आता कसं आहे विचारलं तर तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन केला होता, सगळं शाबूत आहे म्हणायचं. तो वाईट माणूस नाही. वाऱ्यात मागे वळून बोलताना त्याचे डोळे सारखे भरत होते आणि तो ते धुळीवर ढकलत होता.

अप्पा बैठकीत पलंगावर बसले होते. शहात्तरीचा माणूस, पाठ अजून ताठ, पण सदरा खांद्यावरून लोंबत होता. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. मी वाकले, तर त्यांनी हात जोडून लिंगायतांच्या रीतीने "शरणार्थ" म्हटलं आणि माझ्याच डोक्यावर हात ठेवला. महादेवच्या बायकोने पाणी आणलं, मग गूळ-शेंगदाणे. तसबीर होती तिथेच होती. तिला कालचाच हार होता.

इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या. मग अप्पा म्हणाले, "तुझ्याजवळ फोटू असतील."

मी मोबाईलवर जुने फोटो काढले. पांढरं दुमजली घर, फाटक, झाडं. अप्पांनी एकेक फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"जिना?"

जिन्याचा फोटो मी काढला नव्हता. आत फोटो काढू देत नाहीत, असं सांगितलं.

"हे कवाचे?"

"आठ वर्षं झाली, अप्पा."

"आत्ताचं सांग."

महादेव दारात उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "आहे घर. मी फोन केला होता तिकडे."

अप्पांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला.

"पोरी, तुला वाटायलंय मला तसल्ली पायजे," ते म्हणाले. "मला तसल्ली नको. मला गंगाखेडला जायचंय. कौसाबाईकडं."

कौसाबाई म्हणजे गणपतची बायको. गणपत हा बाबा-अप्पांचा तुकडीतला तिसरा जोडीदार. गंगाखेडचा. लढाईच्या शेवटच्या आठवड्यात, उत्तरेकडच्या एका छोट्या गावाबाहेर, नदीकाठच्या शेतात तो पडला. अप्पा आणि बाबा दोघेही तिथे होते. त्याची ट्रंक घरी पोचवायला अप्पा गेले होते, आणि तेव्हापासून दर डिसेंबरात, त्याच दिवशी, ते एसटीने गंगाखेडला जातात. बाबांच्या तोंडून हे मी शंभरदा ऐकलं असेल.

"मी त्या बाईला जबान दिलती," अप्पा म्हणाले. "तुमच्या माणसाचं नाव तो देश कधी पुसणार न्हाई म्हणून. आता तिथं साहेबांचंच नाव पुसलं असंल तर गणपतचं कुठून राहील? तिला दुसऱ्या कुणी सांगायच्या आत मी सांगायला पायजे. पण खरं हाय की खोटं, ते कळल्याबिगर कसा जाऊ? म्हणून तुला बोलावलं. तू गवाही दे."

मी महादेवकडे पाहिलं नाही. म्हणाले, "पाडलं, अप्पा. आधी जाळलं, मग पाडलं. व्हिडिओ खरा आहे."

महादेव तिथून निघून दुकानात गेला आणि तेलाचे डबे उगीचच इकडचे तिकडे करू लागला. ते आपटल्याचे आवाज आम्हाला ऐकू येत होते. अप्पांनी फक्त मान हलवली. मग विचारलं, "कुणी?"

"तिथल्याच लोकांनी."

"पाकिस्तानच्या न्हाई?"

"नाही. त्यांच्याच."

"पयल्यांदाबी त्यांच्याच माणसांनी मारलं," अप्पा म्हणाले, आणि सुनेला हाक मारून भाकरी टाकायला सांगितली. त्या दिवशी ते दीड भाकरी जेवले. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. मी अर्धीवरच उठले. कारण माझं सांगायचं अजून बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पूर्णा, ताडकळस, पालम, गंगाखेड असा रस्ता. एसटी बदलत बदलत जाता येतं, पण अप्पांसाठी महादेवने गावातली एक जीप ठरवली. स्वतः मात्र तो आला नाही. निघताना मला म्हणाला, "तुमाला बोलावून चूकच झाली."

रस्ता काही ठिकाणी नवा सिमेंटचा, काही ठिकाणी नुसते खड्डे. उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागे लागलात की अर्धा तास गेलाच म्हणून समजा. ताडकळसला चहा घेतला. अप्पा स्टीलच्या डब्यातून स्वतःचं पाणी प्यायले आणि टपरीच्या बाकावर बसून माझ्याशी पहिल्यांदाच नीट बोलले.

"तू त्या गावाला गेलतीस न? गणपत पडला त्या. तुझ्या बापानं तुझा लेख पाठवला होता. मी कौसाबाईला वाचून दाखवला. तिला म्हणलं, आपली पोरगी जाऊन आली, नावांचा दगड हाय तिथं, पाया पडून आली."

फोनवर मी लगेच हो म्हणाले होते, त्याचं कारण हेच. मी त्या गावाला गेले नव्हते. बाबांनी निघताना कागदावर गावाचं नाव लिहून दिलं होतं, तिथे पडलेल्या जवानांच्या नावांचा दगड आहे असं त्यांनी ऐकलं होतं. ढाक्याहून बसने एक दिवस जायला, एक यायला. त्या दिवशी बस रद्द झाली, दुसऱ्या दिवशी होती. पण दोन दिवस एका ओसाड गावावर घालवण्यापेक्षा मला चहाचे मळे बघायचे होते. मी मळे बघितले. आणि चौथ्या भागाच्या शेवटी लिहिलं, 'ज्या मातीत आपली माणसं पडली, तिच्यापुढे नतमस्तक होऊन परतले.' कुठल्या मातीपुढे, ते लिहिलं नाही. बाबांनी ते वाचून फोन केला तेव्हा ते रडत होते. मी त्यांना खरं सांगितलं नाही. मग ते गेले.

ताडकळसच्या त्या बाकावर मी अप्पांना हे सगळं सांगितलं. तोंडातल्या तोंडात, खाली मान घालून.

अप्पांनी पाण्याच्या डब्याचं झाकण लावलं. जीपवाला येऊन "निघायचं का?" विचारून गेला.

"दगड हाय का न्हाई तेबी मालूम न्हाई मंग," अप्पा म्हणाले.

"नाही."

"तिला तूच सांग," एवढंच बोलून ते जीपमध्ये जाऊन बसले.

कौसाबाईंचं घर गंगाखेडच्या जुन्या वस्तीत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत आहे. पुढे पुतण्याचं दोन मजली घर आणि मागच्या अंगाला यांची एक पत्र्याची खोली. बाई बाहेर बसून तूर पाखडत होत्या. बारीक चण, कपाळ मोकळं, हातात काही नाही. अप्पांना बघून चकित झाल्या, कारण डिसेंबर नव्हता.

"काय ओ, कुणी गेलं का?"

"न्हाई वैनी. बसा तुमी. बोलायचं हाय."

त्यांनी आम्हाला चटई दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसल्या. अप्पांनी माझी ओळख करून दिली. त्या लगेच म्हणाल्या, "ही तीच का? दगडाला पाया पडून आलेली?" आणि माझा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला. तूर पाखडून त्यांचे तळवे खरखरीत झाले होते.

मी हात सोडवून घेतला नाही, पण त्यांच्याकडे बघून सांगितलं, की मी गेले नव्हते. दगड आहे की नाही, मला माहीत नाही. माझ्या लेखात मी तसं भासवलं.

त्यांनी माझा हात खाली ठेवला. रागाने नाही, एखादी वस्तू ठेवावी तसा. मग अप्पांकडे वळल्या. "हे सांगायला आलाव?"

"हेबी. अन् आणखी एक." अप्पांनी पुतळ्यांचं सांगितलं, घराचं सांगितलं. कौसाबाई ऐकत राहिल्या. मध्ये एकदाच त्यांनी विचारलं, "कुणी पाडलं?" मी सांगितलं, मुलीच्या राज्यावर चिडलेल्या लोकांनी. सुरुवात कॉलेजातल्या मुलामुलींनी केली, त्यांच्यातलेही पुष्कळ गोळ्यांनी मेले.

"म्हंजे ज्यांच्यासाठी आमचे मालक गेले त्यांचीच नातवंडं असतील," त्या म्हणाल्या.

"असतील."

"लेकीचा राग बापावर काढला."

"बापाचंबी चुकलं होतं शेवटी शेवटी," अप्पा म्हणाले. "एकच पक्ष ठेवला, पेपर बंद केले. ते मला नंतर कळलं. तुमाला कधी सांगितलं न्हाई." त्यांचा हात गळ्यातल्या चांदीच्या डबीवर गेला. "वैनी, अजून एक हाय. मी ट्रंक घेऊन आलो तेव्हा तुमाला म्हणलं होतं, साहेब आमच्यापुढं येऊन बोलले. तुमच्या माणसांची नावं आमी पुसणार न्हाई म्हणले."

"म्हणलं होतं."

"साहेब आले होते. परेडला. हात जोडले होते. पण मी लय लांब उभा होतो. काय बोलले ते मला ऐकूच आलं न्हाई. बोलले का न्हाई तेबी मालूम न्हाई. तुमी रडायल्या होत्या, एकोणीस वर्साच्या होत्या. मला काय बोलावं सुधरंना. मी माझ्या मनानं बोललो."

गल्लीतून भांडी विकणाऱ्याचा भोंगा गेला. पुतण्याच्या घरात टीव्ही चालू होता. कौसाबाई सुपातल्या तुरीकडे बघत होत्या.

"माझ्या बापानं त्या उन्हाळ्यात माझं मोहतूर ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. मोहतूर म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. "तुमाला मालूम न्हाई. सेलूचा माणूस होता. कापसाच्या जिनिंगमधी कामाला. त्याचीबी बायको गेलती. दोनदा येऊन गेला. आल्यावर माझ्या सासूला पिवायला पाणी आणून दिलं आडातनं. मी बापाला म्हणलं, माझ्या मालकाचं नाव एका देशानं लिवून ठिवलंय, म्या कसं दुसऱ्याचं नाव लावू? बाप लय रडला. मी ऐकलं न्हाई."

अप्पांनी डोकं खाली घातलं.

"तो माणूस चांगला होता," कौसाबाई म्हणाल्या.

अप्पा उठले आणि त्यांनी वाकून उंबऱ्याला, कौसाबाईंच्या पायांजवळ, हात लावला. शहात्तर वर्षांच्या माणसाला वाकलेलं सरळ होता येईना. मी त्यांना धरून उठवलं. कौसाबाईंनी पाय मागे घेतले नाहीत.

इतक्यात पुतण्याची बायको जेवायला बोलवायला आली. "जेवल्याबिगर कसं जाताव?" ती हसत म्हणाली. तिला काही माहीत नव्हतं. कौसाबाई म्हणाल्या, "त्यांना घाई हाय." आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी मी वळून पाहिलं, तेव्हा त्या परत तूर पाखडायला लागल्या होत्या.

परतीच्या वाटेवर पालमच्या पुढे, गोदावरीच्या पुलाजवळ अप्पांनी जीप थांबवायला लावली. मला वाटलं, नदीला हात जोडायचे असतील. त्यांना उलटी झाली. मी पाठीवरून हात फिरवत होते. तोंड धुऊन झाल्यावर म्हणाले, "मी तिला धीर द्यायला बोललो होतो, पोरी. एवढंच होतं."

घरी महादेवने बापाचा चेहरा बघितला आणि मोटारसायकल बाहेर काढली. संध्याकाळच्या आत मला पूर्णा स्टेशनवर सोडलं. निघताना मी बैठकीत डोकावले. तसबीर भिंतीवरच होती. अप्पा तिच्याखाली पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

घरी येऊन आता दोन महिने झाले. दर सफरीनंतर मी इथे लिहिते, की तिथे काय बघाल, कधी जाल, काय चुकवू नका. चुडावा ते गंगाखेड या रस्त्यावर बघण्यासारखं मी काही सांगू शकत नाही. चौथ्या भागातलं ते वाक्य मी खोडलंय आणि खाली खरं काय ते लिहिलंय. काही वाचकांनी प्रामाणिकपणाबद्दल कौतुक केलं. ते वाचवत नाही. माझ्या त्या एका ओळीने कौसाबाईंना आठ वर्षं एक दगड दिला होता. अप्पांच्या एका वाक्याने त्यांचं अख्खं आयुष्य घेतलं होतं. आणि तिकडे दूर, ज्याच्या तोंडी अप्पांनी ते वाक्य घातलं, त्याला यातलं काही माहीतही नव्हतं. मोठ्या माणसांच्या मागे काय उरतं, यावर लोक ग्रंथ लिहितात. त्यांच्या नावावर लहान माणसं एकमेकांना काय काय सांगत राहतात, ते त्यात कुठे येत असेल असं वाटत नाही. खरं सांगितलं हे बरं केलं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एकोणीस वर्षांची असताना कुणी सांगितलं असतं तर उपयोग होता. त्र्याहत्तराव्या वर्षी ते ऐकून बाईने करायचं काय?

मागच्या आठवड्यात मीच महादेवला फोन केला. उचलेल असं वाटलं नव्हतं. उचलला.

"अप्पा गेलते गंगाखेडला," तो म्हणाला. "एकलेच. एसटीनं. आमाला न सांगता."

"मग? भेटल्या का त्या?"

"दार उघडं होतं म्हणे. बोलल्या न्हाईत. चहापाणी न्हाई, काय न्हाई. अप्पा दोन तास वसरीवर बसले अन् दुपारच्या गाडीनं वापस आले."

"आल्यावर काही म्हणाले?"

दुकानात गिऱ्हाईक असावं, कुणीतरी साखर मागत होतं.

"म्हणले, बसू दिलं."